उरेब माप

बत्तीस इंच म्हणजे तिरकं मोजायचं असतं,
हे मला हरभट रोडवरच्या दुकानात कळलं.
टेप पर्समध्ये होतीच.
पंचवीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये
एक वेळ रुमाल नसेल.
मी काचेच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याला लावली :
बत्तीस. भरलं.
आडवं अठ्ठावीस, उभं पावणेसोळा.
"म्हणजे उरेब मापाचे पैसे घेताय होय?"
पोरगा नुसता हसला.
त्याची कॉलर मागून उलटली होती.

भिंतीवर चौदा टीव्ही, चौदांत एकच पोपट.
सगळे एकदम मान वळवायचे.
मग धबधबा, मग एक लाल बेडूक,
त्याच्या पाठीवरचं पाणी इतकं ओलं
की हे बोट लावायला गेले.
"हात नका लावू काका, पॅनल आहे."

मी म्हटलं, बेडूक राहू दे.
आमच्या गल्लीत जी केबल येते ती लाव.
पोरानं मुजावरशेठांकडं बघितलं,
शेठनी पंख्याकडं.
लावली.
बातम्या सांगणारी बाई अशी दिसायला लागली
जशी पहिल्याच धुण्याला रंग सोडलेली छापील साडी.
"टीव्ही फुल आहे मॅडम, येणारं हाफ आहे."

कोपऱ्यातल्यावर लिहिलं होतं, एचडी रेडी.
रेडी म्हणजे?
"तयार आहे."
कशाला तयार?
त्याला सांगता येईना.
मला येत होतं. मीही गिऱ्हाइकाला सांगते, तयार आहे,
तेव्हा हुका लावायच्या बाकी असतात.
पुण्याहून अभिनंदनचा फोन : आई, फुलच घे, रेडी नको.
हे म्हणाले, त्याला काय जातंय सांगायला.

मग त्यानं दुसरा डबा जोडला
आणि मालिकेतली थोरली सून आली.
सोन्याच्या काठाची साडी, डोळ्यांत पाणी,
आणि मुंढ्याला चुण्या.
डावीकडं गळ्याची पायपिंग
दोन बोटं सुटलेली.
इतकी वर्षं मी बायकांना म्हणत आले,
"टीव्हीतल्यासारखं बसायला नशीब लागतं."
त्यांचंही बसत नव्हतं.
मी तिथल्याच स्टुलावर बसले,
हे म्हणाले, चक्कर आली का?
म्हटलं, हाच घ्या.

चोवीस हजार आठशे. आठशे सोडवले.
वर स्टॅबिलायझर मागितला, तो नाही दिला.

जुन्याच्या डोक्यावर माझा क्रोशाचा रुमाल असायचा,
रुमालावर गॅसचं पुस्तक, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या,
कपाटाची किल्ली, आणि दुपारी शेजारची मांजर.
पाठीला ऊब होती त्याच्या.
ह्याला पाठच नाही.
वर चष्मा ठेवून बघितला, पडला.

फिटिंगवाला मंगळवारी आला, ड्रिल घेऊन.
"डोळ्यांच्या समोर पाहिजे बाई. साडेतीन फूट."
हे खुर्चीवरून उठले,
भिंतीवर हात फिरवत गेले
जिथं दोनदा रंग देऊनही
ओल धरली की एक पिवळट रेघ उमटते.
पाच सालची.
तेव्हाचा जुना टीव्ही ह्यांनी डोक्यावरून जिन्यावर नेला होता,
माझं मशीन खालीच राहिलं.
रेघेवर बोट ठेवलं.
"ह्याच्या वर."
"काका, मान दुखेल."
"दुखू दे."

संध्याकाळी आक्काताई उपाध्ये बघायला आल्या.
"अगं बाई, एवढ्या उंच? नाटकाला बसल्यासारखं."
मग त्यांची नजर खाली आली, रेघेवर थांबली.
"आमच्यात खिडकीपर्यंत आलेलं," म्हणाल्या,
आणि म्हणाल्या, आवाज वाढवा जरा.

आम्ही तिघं माना वर करून बसलोय.
थोरली सून आजही रडतेय,
पायपिंग आज उजवीकडची.

क्रोशाचा रुमाल धुऊन, घडी घालून ठेवलाय.
अठरा बाय वीस.
बघते, कशाला लागतो.